जनाबाईच्या धवल्यातला थांबा

शेणव्यापासून पार वैशाखऱ्यापर्यंत ज्या ज्या घरात जनाबाईनं लग्न गायलं, त्या त्या घरातल्या बायका एक गोष्ट कानात सांगायच्या. जनाबाई धवला म्हणताना एका ओळीत मधेच थांबते, आणि ती थांबली की घरातली मेलेली माणसं मांडवात येतात.

आता अशी गोष्ट दहा तोंडांतून फिरूनही जशीच्या तशी राहिली तर तिची मजा ती काय? शेणव्याच्या नळावरून निघाली तेव्हा ती नुसती "अंगावर काटा येतो गो" एवढीच होती. शहापूरच्या बाजारात पोचेपर्यंत समईची ज्योत वाकायला लागली. मुरबाडला एका बाईला मेलेल्या सासूच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. आणि वैशाखऱ्याच्या एका म्हातारीनं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, की तिचा सासरा येऊन नेहमीच्या जागी बसला आणि त्यानं विडी मागितली.

"मग दिलीस का?"

"लग्नघरात कुठली विडी? तसाच गेला बिचारा."

धवल्याची ती ओळ होतीही तशीच. "आधी आले डोंगरचे देव गो, देवांच्या पाठी चालत आले," इथं जनाबाई थांबायची. सगळा मांडव गप्प. कढईवरचा माणूससुद्धा झारा वर धरून उभा. मग एकदम "वाडवडील मांडवात!" त्या मधल्या शांततेत म्हाताऱ्या बायका मुठीतले तांदूळ चिमूटचिमूट मांडवाच्या मेढीकडे टाकायच्या. हे कोणी सुरू केलं? कोणीच नाही, आणि सगळ्यांनी. वर पुरावा म्हणून एक गोष्ट जोडलेलीच असायची: कुठल्याशा गावात दुसरी धवलारीण न थांबता सरळ पुढे गेली आणि वर्षाच्या आत नवरी माहेरी परत आली. नवरा पिऊन गटारात पडायचा, तेवढं मात्र सांगायचं राहून जायचं.

ही सगळी चर्चा फक्त एका माणसाच्या कानावर गेली नव्हती. खुद्द जनाबाईच्या.

भटजी लग्न लावतो ते घटकाभर. त्याच्या आधी आणि नंतर, तेल चढवण्यापासून नवरी गाडीत बसेपर्यंत, आपल्याकडे प्रत्येक कामाला एक गाणं असतं. ती गाणी म्हणजे धवले, आणि ते म्हणत म्हणत सगळं लग्न पुढे नेणारी ती धवलारीण. देवाला बोलवायचं तरी तिनंच, आणि हळद दळता दळता उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या बायकांना दटावायचं तरी तिनंच. जनाबाईचं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं. तिथं आतेच्या मांडीला मांडी लावून ती धवले शिकली आणि लग्न होऊन शेणव्याजवळच्या पाड्यावर आली. "पेटीत एक लुगडं आणि डोक्यात अख्खं लग्न, एवढंच घेऊन आली," असं तिचा नवरा कोंडू सांगायचा. अंगानं एवढीशी, पण आवाज असा, की तिनं अंगणातून "ओ, जेवायला या" म्हटलं की कोंडूबरोबर शेजारचे दोघे नवरेही घरी पोचायचे.

तिला तोरा एकाच गोष्टीचा. "आतेनं दिलं तसं ठेवलंय. एक अक्षर हललं नाय." हे ती देवासमोर म्हणायची, आणि हिंग विकायला आलेल्या माणसालाही ऐकवायची.

धवला दोघींनी एका आवाजात म्हणायचा असतो. जनाबाईची जोडीदारीण शेजारची गोदू. उंच, सावकाश, बोलायला गोड. लग्नाच्या फोटोत दोघी शेजारी बसल्या की एक तर गोदूचं डोकं कापलं जायचं, नाहीतर जनाबाईचं नुसतं कपाळ यायचं. गावोगावच्या लग्नांना दोघी चालत जायच्या. चढ लागला की गोदू प्रत्येक झाडाशी थांबून त्याची चौकशी करायची. "या आंब्याला औंदा मोहोर कमीच, नाय गो जना?" आणि जनाबाई, जिला शेतात अनवाणी फिरून काटा कधी टोचला नाही, तिच्या पायात नेमका तेव्हाच काटा मोडायचा. मग ती खाली बसून बराच वेळ पाय निरखत राहायची. काटा काही सापडायचा नाही. गोदू जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून जनाबाई एकटीच म्हणायची. डाव्या बाजूला बसलेल्या बाईला मात्र नेहमी म्हणायची, "जरा सरक गो, जागा ठेव."

पण एकटीनं किती दिवस रेटणार? गुडघे गेले, दात गेले. लग्नात डीजे आला, पोरींना धवल्यापेक्षा रील बनवायची घाई. तशात दोघीजणी आपणहून शिकायला आल्या. समीक्षा आसनगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची आणि संध्याकाळी थेट जनाबाईच्या ओटीवर यायची. सारिका पाड्यावरची नवी सून. सासू "जा" म्हणाली म्हणून आली होती आणि मग गोडी लागून राहिली.

शिकवायची जनाबाईची पद्धत आतेचीच. मी म्हणते, तुम्ही माझ्याबरोबर म्हणा. अडचण एवढीच, की जनाबाईचा आवाज सुरू झाला की पोरींना स्वतःचा आवाज ऐकूच यायचा नाही. तिच्याबरोबर म्हणताना दोघींना वाटायचं, आपण झकास म्हणतोय. ती गप्प बसली की एकीची गाडी शहापूरला आणि दुसरीची मुरबाडला.

"चुकलीस गो."

"नाय मावशी, मी तुमच्यासारखंच म्हटलं!"

"नाय म्हटलंस."

"म्हटलं!"

असं रोज. एक दिवस समीक्षानं घरी सराव करायला म्हणून मोबाईलवर सारिकाचं आणि स्वतःचं म्हणणं भरून घेतलं आणि वाजवून दाखवलं. जनाबाईच्या डोळ्यांत आनंद चमकला, जसा काही वर्षानुवर्षांच्या भांडणात एकदाचा साक्षीदार मिळाला. "आता बोल! मी नाय बोलत हाय, तुझाच गळा बोलतोय!"

त्या दिवसापासून ओटीवर नवा कायदा सुरू झाला. एकेकीनं एकटीनं म्हणायचं. मोबाईलात भरायचं. मग मोबाईल पितळेच्या तपेल्यात ठेवायचा, कारण त्यात आवाज घुमतो. तपेल्याभोवती सगळ्यांनी बसायचं, जसं काही आतमध्ये भात शिजतोय. आणि ऐकून झाल्यावर जनाबाई तोंड उघडणार नाही. जिचं गाणं तिनंच आधी बोलायचं. त्यातही पहिल्यांदा चांगलं काय झालं ते, आणि मग खोड.

"चांगलं पहिलं का?" समीक्षानं विचारलं.

"खोड काढायला घरात सासू हाय. चांगलं शोधायला शीक."

सारिकानं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती रडायलाच लागली. "हा माझा नाय. ही कोण बेडकी?"

जनाबाईनं तिला जवळ घेतलं. "तू या घरात आलीस तेव्हा तुला सगळे परके वाटलेले ना? तसा हा. चार दिस राहू दे घरात, होईल आपला." सल्ला लाखमोलाचा होता. फक्त देणारीनं स्वतःचा आवाज आयुष्यात एकदाही ऐकला नव्हता. "मना काय करायचंय माझा ऐकून? मना ठावं हाय मी कशी म्हणते."

तपेल्यानं काम मात्र केलं. सारिका आपणहून सांगायला लागली, "इथं मी घाई केली," "इथं शब्द गिळला." समीक्षाला कळलं की वरच्या सुरात गेली की ती ओरडते. कंपनीच्या गाडीत कानात वायर घालून ती स्वतःलाच ऐकायची आणि मान हलवायची. बाजूच्या बायका समजायच्या, पोरगी प्रेमात पडली. एकदा एकीनं विचारलंही, "कोण हाय गो तो?" समीक्षा म्हणाली, "मीच."

तर चैत्र संपत आला होता. शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, धुराचा वास ओटीपर्यंत यायचा. पाड्यावरच्या भाविकाचं लग्न ठरलं होतं, नवरा वैशाखऱ्याचा. जनाबाईनं जाहीर केलं, "भाविकाचा धवला पुढं होऊन समीक्षा म्हणंल. मी बाजूला बसते." त्याच संध्याकाळी वाडवडिलांचा धवला भरून घेतला, दोघींचा वेगवेगळा. तपेल्यात मोबाईल ठेवला.

"देवांच्या पाठी चालत आले..." आणि सारिका थांबली.

जनाबाईच्या भुवया वर गेल्या. पण कायदा म्हणजे कायदा. ती गप्प बसली. मग समीक्षाचं लागलं. "चालत आले..." तीही थांबली, बरोबर तेवढीच.

आता मात्र जनाबाईनं स्वतःचा कायदा मोडला. "तिथं काय झोप लागली का दोघींना? सरळ ओळ हाय ती! मधेच कशाला थांबता? दम संपला एवढ्या लवकर? आमी या वयात..."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मावशी, तिथं थांबायचंच ना? पितर येतात तिथं."

"कोण येतात?"

मग त्यांनी सांगितलं. ज्योत, बांगड्या, सासरा, विडी, सगळं. जनाबाई आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "विडी मागितली? मेला जिता होता तेव्हापण फुकटच मागायचा!" मग हसता हसता थबकली. "पण मी नाय थांबत तिथं. कोणी सांगितलं?"

"थांबता, मावशी."

"नाय थांबत."

"थांबता!"

भांडण पुन्हा तेच, फक्त बाजू बदलल्या होत्या. सारिकानं मोबाईल पुढे धरला. जनाबाईनं पदर सावरला, गळा साफ केला आणि धवला म्हटला, नेहमीसारखा. मोबाईल तपेल्यात गेला. कोंडू खांबाला टेकून वाखाची दोरी वळत बसला होता, तोही सरकून पुढे आला.

"ही कोण म्हातारी?" जनाबाई म्हणाली.

म्हातारी गात होती. आवाज जरा फाटका, पण ताठ. "आधी आले डोंगरचे देव गो, देवांच्या पाठी चालत आले..."

तपेलं गप्प झालं.

"...वाडवडील मांडवात!"

"बॅटरी संपली असंल," जनाबाई म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावल्यावर कोंडू दोरीतून मान वर न काढता म्हणाला, "खरं सांगू का गो? इतकी वर्षं तुझं ऐकतोय. त्यात मना सगळ्यात आवडतो तो हाच भाग. तू गप असतेस तो."

एरवी या बोलण्यावर कोंडूला संध्याकाळचा चहा मिळाला नसता. पण जनाबाईला राग आलाच नाही. ती तपेल्याकडे बघत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आतेच्या धवल्यात हे नाय. मी घातलंय. मना कळलंपण नाय, आणि मी घातलंय." मग समीक्षाकडे वळली. "हे एक हललं, तर आणखी काय काय हललं असंल? तुमाला मी काय दिलं गो? आतेचं दिलं की भलतंच काय?" आणि उठून आत जाता जाता सांगून टाकलं, "भाविकाच्या लग्नाला मी नाय येत. दुसरी धवलारीण बघा."

पोरी घाबरल्या. समीक्षा म्हणाली, "मावशी, मी एकटी कशी म्हणणार?" आतून भांडी आदळली. समीक्षानं मोबाईल तपेल्यातच ठेवला. निघताना दारातून एवढंच बोलली, "कायदा तुमचाच हाय, मावशी. जिचं गाणं, तिनं बोलायचं. चांगलं पहिलं."

दुसऱ्या दिवशी समीक्षाला सुट्टी होती, म्हणून मोबाईल दिवसभर जनाबाईकडे राहिला. दुपारी कोंडू झोपल्यावर तिनं तपेलं मांडीशी ओढलं. कसं लावायचं ते सारिकानं दाखवलेलं होतंच. ती पहिल्यापासून ऐकत गेली, आधी पोरींनी भरलेले धवले, मग स्वतःचा, ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीला मनातल्या आतेला विचारत गेली. तेल चढवायचं बरोबर. हळदीचं बरोबर. डोंगरचे देव बरोबर. सगळं जिथल्या तिथं होतं. एकच जागा अशी, की आते मान डोलावत नव्हती.

ती जागा तिनं पुन्हा लावली. पुन्हा. मग मोबाईलबरोबर स्वतः म्हणायला लागली, की बघू तरी, हे होतं कसं. "देवांच्या पाठी चालत आले..." आणि तोंड आपोआप मिटलं. पण तोंड मिटलं तेवढंच नव्हतं. तिची मानही डावीकडे वळली होती आणि जरा वर, आपल्यापेक्षा उंच माणसाकडे बघायला वळावी तशी.

तिथं ओटीचा रिकामा कोपरा होता, आणि त्यात कोंडूचं दोरीचं भेंडोळं.

जनाबाई तशीच बघत राहिली. म्हातारी तपेल्यात एकटी पुढे गात गेली, धवला संपवून गप्प झाली. कोंडू उठला तेव्हा बायको डोळे पुसत होती आणि हसतही होती. "काय झाला गो?" त्यानं विचारलं.

"काटा मोडला," ती म्हणाली, "पायात."

संध्याकाळी पोरी आल्या, तर जनाबाई ओटीवर तयार बसलेली. "लग्नाला मी येते. आतेचा धवला शाबूत हाय, मी तपासला. त्या जागेला तुमी थांबायचं नाय. सरळ म्हणायचं. तुमचा दम चांगला हाय, तो वापरा."

"आणि पितर?" सारिकानं विचारलं. "वैशाखऱ्याच्या बायका तांदूळ धरून बसतील, मावशी. नाय थांबलो तर बोलतील."

"पितरांना उशीर झाला तर येतील मागच्या टेम्पोतनं. तू म्हण."

दोघींनी तसाच सराव केला. सारिकाचं तर कितीही ठरवलं तरी थांबायचं सुटेना. दोन-तीन संध्याकाळी तपेल्याशी भांडल्यावर कुठं ओळ सलग झाली. समीक्षाची ओळ तर अशी सरळ झाली, की कोंडू म्हणाला, "झालं. माझी विश्रांती गेली."

हळदीच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. वैशाखऱ्याच्या बायका ट्रॅक्सनं सकाळीच आल्या होत्या, आणि त्यांना पितरांची पक्की खबर होती. डीजेवाल्याला भाविकाच्या आईनं चहा देऊन गप्प बसवलं होतं. सारिका मागं बसून मोबाईल धरणार होती. समीक्षा मधल्या पाटावर बसली, घामानं नुसती भिजलेली. आणि जनाबाई तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. इतकी वर्षं जिथं ती कोणाला बसू देत नव्हती, त्याच बाजूला. बसताना समीक्षाच्या मांडीवर थोपटून म्हणाली, "मी हाय. तू पुढं हो."

तेलाचा धवला झाला. हळदीचा झाला. समीक्षाचा आवाज आधी कापरा होता, मग सावरला, मग मोकळा झाला. जनाबाई तिच्याबरोबर म्हणत होती, एका पायरीनं खाली राहून. मग तो धवला आला. म्हाताऱ्यांच्या मुठी तांदळात गेल्या.

"आधी आले डोंगरचे देव गो, देवांच्या पाठी चालत आले..."

समीक्षा थांबली.

जनाबाईनं तिला असा चिमटा काढला, की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तरी ती थांबून राहिली. मांडव चिडीचूप. तांदूळ मेढीकडे उडाले. झारा वर. मग समीक्षानं डावीकडे पाहिलं, आणि दोघींचा आवाज एकदम उठला, "वाडवडील मांडवात!"

"आले गो, आले," वैशाखऱ्याची विडीवाली म्हातारी पदर डोळ्याला लावून म्हणाली. यंदा तिनं कमरेला विडीचं बंडल खोचूनच आणलं होतं.

नवरी सासरी गेली, मांडव सुटला, आणि तपेलं पुन्हा ओटीवर आलं. सारिकानं भरलेला धवला लागला. चौघं ऐकत होते. ती जागा येऊन गेली आणि जनाबाईनं हात वर केला.

"चांगलं सांग आधी."

समीक्षानं विचार केला. "वरच्या सुरात ओरडले नाय."

"बरोबर. आता खोड."

"एका जागेला थांबले."

"नाय थांबायचं म्हणून सांगितलेलं ना? एवढा सराव केला. मग का थांबलीस?"

समीक्षा पायाच्या अंगठ्यानं ओटीचं शेण उकरायला लागली. "तुमचा श्वास संपला होता, मावशी. 'चालत'लाच संपला. मी पुढं गेले असते तर सगळ्या मांडवाला कळलं असतं."

सारिकानं ती जागा पुन्हा लावली. मोबाईल अगदी मागं होता, तरी कान देऊन ऐकलं की कळत होतं. "चालत"च्या पुढं आवाज एकच होता. मग गप्प. त्या गप्पात एक बारीक शिटीसारखा श्वास आत गेला. मग दोन आवाज.

जनाबाईनं तपेल्यात हात घालून मोबाईल बाहेर काढला आणि समीक्षाच्या हातात दिला. "हे पुसू नको," ती म्हणाली. नंतर सारिकाला म्हणाली, "चहा ठेव गो." कोंडूनं दोरीचं भेंडोळं कोपऱ्यातून उचललं.

वैशाखऱ्यात आता अशी बातमी आहे, की जनाबाईनं पितर बोलवायची विद्या समीक्षाला दिली, मांडवात, सगळ्यांच्या देखत, मांडीला चिमटा काढून. चिमट्याचा वळ पाहिलेल्या दोन बायकाही आहेत.

पितर वगैरे काही नव्हतं. गोदूला दमा होता. त्या लांब ओळीत तिचा श्वास पुरायचा नाही, आणि ते मांडवाला कळू नये म्हणून जनाबाई थांबायची.